खुंटीवरचा टॉवेल

माझ्या भाच्यासारखा संशयी प्राणी तापीच्या या काठाला नाही, त्या काठालाही नसेल. बसण्याआधी खाट हलवून बघणार, पिण्याआधी कपात डोकावणार. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी भटजींना थांबवून याने विचारलं, "नवरदेव हाच ना?" वऱ्हाडी मारायलाच उठले. मी चौथीत शाळा सोडली, पण नवरदेव बाशिंगावरून ओळखावा एवढी अक्कल मला आहे.

बंगलोरच्या नोकरीचं काम तो आमच्या गावी, ब्राह्मणपुरीत, माझ्या ओट्यावर बसून करायचा. संगणकाच्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नेल म्हणतात म्हणे. तिथली कुलपं याच्याकडे. एकच कुलूप अनेक कामं धरून बसतात. किती जणांनी धरलंय ते मोजत राहायचं, ज्याने धरलं त्यानेच सोडायचं, आणि शेवटचा सोडेपर्यंत ते मोडीत काढायचं नाही. शिवाय जागोजागी अट लिहायची, इथे अमुक असलंच पाहिजे. नसलं तर आख्खं यंत्र तिथंच बंद! मी म्हटलं, "बंद पाडाना पगार भेटस का तुले?" तर म्हणे, "चुकीचं चालापेक्षा बंद पडेल बरं, मामा."

हे खूळ त्याने आमच्या विहिरीवरही आणलं. गाळ काढायला जो खाली उतरेल त्याने मोटारीच्या खोलीत खुंटीवर आपला टॉवेल टांगायचा, वर आल्यावर स्वतःच काढायचा. टॉवेल आहे तोवर मोटार बंद. पाण्यात करंट उतरला तर माणूस गेलाच. गावाने नावं ठेवली, पण टॉवेल टांगले.

एका दुपारी माझी केळी सुकत होती. खुंटी रिकामी. मी स्टार्टरला हात घालतो तो हा आडवा.

"थांबा मामा! हात लाऊ नका."

"खुंटी रिकामी शे, दिसत नही का तुले?"

"खुंटी रिकामी शे. इहीर रिकामी शे का?"

मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढतोय, तेवढ्यात विहिरीतून माझ्या धाकट्या भावाचा आवाज आला, "वर कोन शे रे? दोर ओढ ना!"

टॉवेल मळका दिसला म्हणून माझ्या बायकोने धुवायला नेला होता. आता यात माझी काय चूक? मी नियमानेच वागलो. भाचा दोर ओढायला लागला. मी आधी माझ्या खांद्यावरचा टॉवेल खुंटीवर टांगला, मग दोराला हात घातला.

पुढे कंपनीने त्याला परत बोलावलं. जाताना ओट्यावरच्या खुंटीला त्याचा टॉवेल तसाच राहिला. धूळ बसली आहे. बायको रोज म्हणते, "धुई टाकू का?"

मी म्हणतो, "हात लाऊ नको. ज्यानी टांगा, तोच काढी."