जन्म आजोळी

मी पिंजाऱ्याचा मुलगा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं कॉलेजात काही जणांनी मला ते हळू आवाजात विचारलं, जणू मी ते कुठं दडवून ठेवलं होतं.

खर्ड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाच्या पूर्वेला एक ओढा होता, उन्हाळ्यात पोरंसुद्धा चप्पल न भिजवता ओलांडत. ओढ्याच्या अलीकडं इंग्रजी अंमल, पलीकडं मोगलाई. निजामाच्या मुलखाला आमच्याकडं सगळे मोगलाईच म्हणत. वडील खांद्यावर पिंजण टाकून दोन्हीकडं हिंडायचे. पिंजण म्हणजे आतड्याची तात ओढलेली लांब कमान. ती कापसात धरायची, लाकडी दस्त्यानं तात छेडायची, की कापूस फुलून वर येतो. गाद्या-रजया भरायचं हे काम दिवाळीपासून होळीपर्यंत. पुढं पावसाळा संपेपर्यंत कमान खुंटीला. मग आई खुरपायला जायची, वडील मिळेल त्या बांधावर दगड उचलायचे, आणि घरात हुलग्याचं माडगं शिजायचं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, फक्त संध्याकाळी जास्त पातळ.

माझी बहीण, आपा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. वडिलांना कापसाच्या तुसानं खोकला लागला की पिंजण ती घ्यायची. आमच्यात बाईनं तात छेडायची नाही असा रिवाज होता, म्हणून ती दार लावून छेडायची. मी बाहेर ओट्यावर बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणायचो, आतला आवाज झाकायला. माझे पाढे पक्के झाले ते असे. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती ओढ्यापलीकडं गेली, आमच्या आईच्याच माहेरगावी. मी मॅट्रिक झालो, नगरला कॉलेज नुकतंच निघालं होतं, तिथं फीमाफीवर गेलो. आमच्या गावातून तिथवर कोणीच गेलं नव्हतं. मी गेलो.

अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा. मोगलाईत धुमाकूळ चालला होता. बंदुका घेतलेल्या टोळ्या गावं लुटत होत्या आणि पलीकडची माणसं गाडग्या-मडक्यांसकट आमच्या जिल्ह्यात येत होती. त्यांच्यात चोरटे येतात, हेर येतात, असं पेपरातही येई आणि चहाच्या दुकानातही बोललं जाई. कॉलेजात वादविवादाला विषय लागला: विनापरवाना हद्द ओलांडून येणाऱ्यांना अटकाव करणारा कडक कायदा प्रांतानं करावा. चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली कायद्याच्या बाजूनं.

माझ्या खोलीतला सोबती सोनईचा, बागायती शेतकऱ्याचा मुलगा. त्याची चिठ्ठी विरुद्ध बाजूची निघाली. बाजू बदलून हवी का, असं सरांनी मला एकीकडं घेऊन विचारलं. मी मुसलमान, निजामही मुसलमान; त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी नको म्हणालो. खोलीवर आल्यावर सोबती म्हणाला, "बरं झालं लेका. तू माझ्या बाजूनं बोलला असतास तर म्हणाले असते, बघा, आपल्या माणसांची वकिली करतोय."

हे खरं होतं आणि तेच मला झोंबत होतं. आठवडाभर मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडलं की उठावंसं वाटे. दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडायचं, मोकळ्या माळापर्यंत जायचं, भाषण म्हणत परत यायचं. रमजानचे रोजे चालू होते, घसा कोरडा पडे, तरी बोलत राही. मला जिंकायचं होतं. कायदा चांगला का वाईट याचा मी फारसा विचार केला नाही, आणि केला असं आज सांगणार नाही.

भाषणाचा कणा मी एका व्याख्येवर उभा केला. परका कोण? जो इथं जन्मला नाही तो. बाकी धर्म, जात, भाषा काही बघायचं नाही. माणूस जिथं जन्मला ती त्याची भूमी, दुसरीकडं तो पाहुणा, आणि पाहुण्यानं विचारून यावं. व्याख्या स्वच्छ होती. माझ्यासारख्याला सोयीचीही होती, कारण माझा जन्म अलीकडचा.

वादविवादाच्या दिवशी माझं भाषण झालं आणि सोबती उठला. हसतच बोलायला लागला. "अध्यक्ष महाराज, मी सोनईचा. पण मी थोरला. माझी आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि तिचं माहेर गोदावरीच्या पलीकडं, पैठणच्या बाजूला. म्हणजे या वक्त्यांच्या हिशेबानं मी परका. मला आजच हॉस्टेलातून काढा. खोली यांना ऐसपैस होईल."

सभागृह हसलं. मला उत्तराला दोन मिनिटं होती. मी म्हणालो, "वक्त्यांच्या मातोश्रींनी बाळंतपणाला जाताना परवाना काढायला हवा होता."

त्यावर त्याच्या दुप्पट हशा झाला. सोबतीही हसला. बक्षीस मला मिळालं, पितळेचा छोटा कप. नंतर सगळ्यांना चहा दिला, मी रोजा म्हणून घेतला नाही, आणि तेवढ्यानं काही लोकांना पुन्हा आठवलं मी कोण ते. पण कप माझ्या हातात होता. मी चांगला बोललो होतो, हे मी आजही नाकारत नाही.

ईदेच्या आधी चार दिवस आमच्या गावचा एक गाडीवान नगरच्या बाजारात आला, तो हॉस्टेलात मला शोधत पोचला. त्यानं सांगितलं ते असं. आपाला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. आठवा लागला, पलीकडं गावात राहवेना, म्हणून नवऱ्यानं तिला ओढ्यापर्यंत आणून सोडलं आणि ती बाळंतपणाला माहेरी आली. तेवढ्यात तालुक्याहून एक कारकून हद्दीवरच्या गावांत बाहेरून आलेल्यांची यादी करायला आला. आपाचं नाव यादीत गेलं. यादीतल्यांनी पुढच्या सोमवारच्या आत परत जावं, असं चावडीवर सांगण्यात आलं.

"तिचं नाव कसं गेलं?" मी विचारलं. "ती आमची."

गाडीवान म्हणाला, "तुजा बाच बोलला. कारकुनानं इचारलं, ही कुटली? तुजा बा म्हनला, दिल्या घरची, आता ती मोगलाईची."

आमच्याकडं दिलेल्या मुलीला बाप आपली म्हणत नाही. म्हटलं तर सासरच्यांचा अपमान होतो. वडील रीतीनं बोलले होते आणि कारकुनानं ते रकान्यात उतरवलं होतं. पुढं त्यानं विचारलं, जन्म कुठला? आपा पहिली. तिच्या वेळी आई माहेरी गेली होती. तेही पलीकडचंच. चाळीस दिवसांची होती तेव्हा आईनं तिला ओढा ओलांडून आणलं होतं. माझ्या वेळी आजी आजारी होती, आईला पाठवता आलं नाही, म्हणून मी अलीकडं जन्मलो. एकाच आईची आम्ही दोघं, आणि कागदावर दोन मुलखांची.

सोबती खाटेवर बसून सगळं ऐकत होता. टोमणा मारेल असं मला वाटलं. त्यानं माझी पिशवी भरायला घेतली. कप तिथंच फळीवर होता, तो त्यानं उचलून ट्रंकेमागं ठेवला. एवढंच म्हणाला, "माझं भाषण घेऊन जा. तुझं उपयोगाचं नाही."

जामखेडपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं खर्ड्यापर्यंत बैलगाडी, मग चिखलातून पायी. वाटभर मला माझं ते वाक्य ऐकू येत होतं, हशासकट.

घरी आपा भिंतीला टेकून गोधडीला टाके घालत होती. पाय सुजले होते. तिनं विचारलं, भाषणाचा कप मिळाला म्हणे, कशावर बोललास? मी सांगून टाकलं. खोटं बोलायची मला सवय नाही आणि तिच्याशी तर नाहीच. तिनं टाका ओढला, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आणि माझ्या पोटातलं? ते कुठलं लिहायचं रे?"

वडील उंबऱ्यात बसले होते. हंगाम नसताना त्यांनी पिंजण खाली काढली होती आणि उगीच तात ताणत होते. मीच बोललो, मीच बोललो, एवढंच ते मधून मधून म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांना घेऊन चावडीवर गेलो. कारकून तरुण होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. शेजारी घोंगडीवर पोलीस पाटील. पाटलांनी मला ओळखलं, नगरचं कॉलेज कसं हाय म्हणून विचारलं. मी आपाचं सांगितलं. पाटील म्हणाले, पोरगी गावातच वाढली, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, पण कागद काही आमच्या हातात नाही.

कारकुनानं यादी उघडली आणि बोट ठेवून वाचलं. जन्म मोगलाई, सासर मोगलाई. मग वर बघून शांतपणे म्हणाला, "बाळंतपणाला यायचं होतं तर रीतसर परवाना काढून यायचं."

तो चेष्टा करत नव्हता. माझं वाक्य होतं ते, जवळजवळ शब्दाला शब्द, आणि इथं कोणी हसलं नाही. मी सोबत्याचं भाषण सुरू केलं.

मी पाटलांकडं वळलो. "पाटील, तुमचं आजोळ कुठलं?"

"मोगलाईतच, पाटोद्याच्या अंगाला. का रं?"

"आणि भावांत थोरले तुम्हीच ना?"

पाटलांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्यांनी पान थुंकलं, मिशी पुसली. चावडीच्या पायऱ्यांवर पाच-सात माणसं बसली होती, ती सावरून बसली. मी म्हणालो, पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि आपल्या निम्म्या सुनांची माहेरं ओढ्यापलीकडं आहेत. म्हणजे गावातल्या निम्म्या घरांतला थोरला परका. यादी करायची तर पुरती करा, पहिलं नाव पाटलांचं येईल.

वडिलांनी माझा सदरा मागून ओढला. पाटलांना असं कोणी बोलत नसे. कारकुनानं टाक खाली ठेवला.

पाटील कारकुनाला म्हणाले, "लिवा सायेब. आदी माजं लिवा. मग ह्या समद्यांचं." आणि पायऱ्यांकडं हात केला.

पायऱ्यांवर कोणीतरी खुसखुसलं. कारकून अवघडून गेला. नाव खोडता येत नाही, वरून विचारतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. मी म्हटलं, खोडू नका. शेरा लिहा. तो म्हणाला, काय लिहू? मी सांगितलं आणि त्यानं लिहिलं: जन्म आजोळी. वाढ येथे. माहेर येथे. बाळंतपणासाठी रिवाजाप्रमाणे आली.

"आजोळ कुठल्या कायद्यात बसतं?" त्यानं विचारलं.

"कुठल्याच नाही," मी म्हणालो. "पण खोटं नाही."

तो म्हणाला, कागद मामलेदारांकडं जाईल, उत्तर येईपर्यंत कोणी तिला हलवू नये. एवढंच पदरात पडलं.

उत्तर येत नव्हतं. ईद झाली. सोमवार गेला, दुसराही गेला. कॉलेज बुडत होतं, पण पाय निघेना. वेशीवर घोड्याची टाप वाजली की मी उठून बाहेर जाई. आपाही घरात फेऱ्या घाली. तिला बस म्हटलं की म्हणे, बसले की वाटतं कोणीतरी ऊठ म्हणेल. ओढ्यापलीकडून कधी कधी बंदुकीचे आवाज येत आणि ती दारात जाऊन उभी राही. तिचा नवरा तिकडं होता. श्रावणातल्या एका शुक्रवारी, सकाळी उन्हं वर आल्यावर, आपा बाळंत झाली. मुलगी. वडील स्वतः चावडीवर गेले आणि जन्माची नोंद करून आले. कारकुनानं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं म्हणे, माझी मुलगी, माझी नात, इथंच.

मामलेदारांचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. गणपतीच्या दिवसांत भारताच्या फौजा मोगलाईत शिरल्या आणि आठवड्याच्या आत ती हद्दच संपली. यादी कुठं गेली कोण जाणे. हद्द संपली म्हणून भीती संपली असंही झालं नाही. आता वारं उलटलं, सुडाच्या भीतीनं पलीकडचे मुसलमान पळू लागले. पलीकडची आमच्या नात्यातली माणसं रानात लपली, काही परत आलीच नाहीत. आपाचा नवरा महिन्यानं ओढा ओलांडून आला, वाळून काटकी झालेला, पण जिवंत. त्यानं परत जायचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही.

मी कॉलेजात परतलो तेव्हा कप ट्रंकेमागंच होता. पुढच्या वर्षी वादविवादात मी पुन्हा उभा राहिलो, या खेपेला चिठ्ठी न टाकता बाजू मीच निवडली. हरलो.

आपाचं घर आमच्याच गावात झालं. तिच्या मुलीच्या जन्माच्या नोंदीत आमच्या गावाचं नाव आहे. मी पुढं बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला, गावातलाही पहिला.