लाल गाडीची डावी सीट

अकोल्याला उतरले तेव्हा वहिनी फलाटावर हजर होती. अमरावतीहून पहाटेच्या एस.टी.नं आली होती, आणि पर्समधलं नवंकोरं लायसन्स तिनं मला रिक्षात बसायच्या आधीच दाखवलं. हमीदभाईंच्या गॅरेजमधून दादाची लाल गाडी घेऊन आम्हा दोघींना अमरावतीला जायचं होतं. मी नाशिकहून सोबतीला आले होते. सोबत म्हणजे नुसती सोबतच, मला सायकलही धड येत नाही.

मिलिंददादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरी पाटबंधारे खात्यात आणि जीव शर्यतीत. सुट्ट्या साठवून दक्षिणेतल्या ट्रॅकवर जायचा. त्यासाठी त्यानं या गाडीतून मागची बैठक, गालिचा, हॉर्न, एवढंच काय, डावी सीटसुद्धा काढून टाकली होती. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि एकट्या दादाची जागा. पुढे साखरेनं त्याचे डोळे नेले. आता त्याला उजेड आणि हलत्या सावल्या तेवढ्या कळतात. वर्षभर तो घराबाहेर पडला नव्हता. वहिनीनं गाडी पुन्हा रस्त्याची करून घ्यायची ठरवली तेव्हा म्हणाला, "कर काय करायचं थे. मी डाव्या बाजूले बसत नाही." तो एकदा नाही म्हणाला की संपलं, हे आम्ही लहानपणापासून सोसतोय. त्यामुळे गाडी चालेल की नाही यापेक्षा दादा तिच्यात बसेल की नाही, याचीच धास्ती होती.

गॅरेजच्या अंगणात गाडी उभी होती आणि मी खरंच बघत राहिले. खरी काच, पुढे दिवे, चार माणसांच्या बैठका, मऊ स्प्रिंगा, सायलेन्सर. पिंजरा कापल्याची खूण बोटांनाही लागत नव्हती. ते पाइप वाया न घालवता हमीदभाईंनी नातींसाठी झोका केला होता. ट्रॅकवर दादाबरोबर जाणारा मेकॅनिक हाच माणूस. जी गाडी त्यानं स्वतः सोलली, ती स्वतःच पुन्हा भरली.

"रेसची गाडी बनवनं सोपं हाय, ताई. काढा अन् फेका," हमीदभाई म्हणाले. "सडकेची बनवाची तं एकेक मानूस आठवा लागते. कोन कुठी बसन, कोनाचे गुडघे दुखते."

गिअरची मूठ मात्र जुनीच होती. बाभळीची, दादानं स्वतः तासलेली, त्याच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. हमीदभाई नवी बसवणार होते, वहिनीनं हात लावू दिला नाही म्हणे.

कचोरी खाऊन निघालो. वहिनीचं स्टिअरिंग छान, पण गिअर म्हणजे भांडण. बोरगाव मंजूपर्यंत गाडीनं इतके करकर आवाज केले, की मला आपलेच दात शिवशिवल्यासारखे वाटायला लागले. मुर्तिजापुरात सिग्नलला पहिल्याऐवजी तिसरा पडला आणि गाडी बंद. मागे ट्रकांचा गोंगाट. एका ट्रकवाल्यानं उतरून मोठ्या प्रेमानं विचारलं, "बाई, मुक्काम हाय का इथीसा?" वहिनी लाल झाली, पण खाली मान घालून तिनं पुन्हा चावी फिरवली. मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढे दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, मध्ये तुरीच्या ओळी, पिवळ्या फुलांनी भरलेल्या. काच खाली करून मी वारा घेत बसले. बडनेरा कधी आलं कळलंही नाही.

दादा अंगणात खुर्चीवर होता. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "कोन हाय?"

वहिनीचा चेहरा पडला. एरवी तो गल्लीच्या टोकाची स्कूटरसुद्धा आवाजावरून ओळखतो, आणि स्वतःची गाडी त्याला कळली नाही. तो उठून आला, टपावरून हात फिरवला, काच चाचपली. "आवाज कुठी गेला हिचा?" एवढंच बोलला आणि आत गेला. रात्री ताटात त्याचा आवडता गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) होता, पण गाडीबद्दल अवाक्षर नाही.

सकाळी वहिनी मला म्हणाली, चला, छत्री तलावाकडे जाऊन येऊ. फाटकाबाहेर गाडी काढली आणि गिअर करकरला. पुन्हा करकरला. तिसऱ्या वेळी तर असा, की शेजारचं कुत्रं उठून गेलं. तोच घरातून दादा भिंत धरत, तरातरा बाहेर आला.

"अवं, गिअरबॉक्स फोडून राहिली का तू?"

"मले नाही जमत," वहिनी म्हणाली.

त्यानं दार चाचपून उघडलं आणि डाव्या सीटवर बसला. उजवा हात आपोआप मुठीवर गेला. तिथं तो थांबला. अंगठा बाभळीवरून एकदा, दोनदा फिरला. मी मागच्या सीटवरून पुढे वाकून बघत होते.

"क्लच दाब," तो म्हणाला. "आता सोड, हळू."

गाडी लोण्यासारखी निघाली. तलावाच्या रस्त्यापर्यंत वहिनी क्लच दाबत होती आणि दादा इंजिन ऐकून गिअर टाकत होता. "पुढं काय हाय?" तो विचारायचा. "म्हशी," ती सांगायची, आणि तो दुसऱ्यावर यायचा. तलावाशी उतरल्यावर त्याचा चेहरा मला ट्रॅकवरून परतल्यावर असायचा तसा दिसला. मी रडले, आणि त्याला दिसत नाही म्हणून मनसोक्त रडले.

परतीच्या दिवशी दोघं मला बडनेऱ्याला सोडायला आले. दादा गाडीतच थांबला. फलाटावर सहज माझ्या मनात आलं, अकोल्याहून येताना मुर्तिजापुरानंतर घरापर्यंत तर गिअर एकदाही करकरला नव्हता. तसं मी वहिनीला म्हणाले.

तिनं एकदा मागे, गाडीकडे पाहिलं.

"मुर्तिजापुरातच जमला मले," ती म्हणाली. "त्यायले सांगू नका, ताई."

नाशिक येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ती दोघं हलली नाहीत. हमीदभाईंनी गाडी रस्त्याची केली हे खरंच. दादाला मात्र वहिनीनं रस्त्यावर आणलं. अजूनही फोनवर दादा मला मोठ्या काळजीनं सांगतो, तुझ्या वहिनीले काई गिअर जमत नाही, मलेच जा लागते. मी म्हणते, जात जा, दादा.