पेवाचं रजिस्टर

हरिपूरच्या पेवांवर जोतीराम मुकादम होता, पण त्याला मुकादम कुणी म्हणत नसे. शिराळ्याकडचा हा गडी फौजेतून हवालदार होऊन परतला आणि पेन्शनीत आल्यावरही हवालदारच राहिला. सांगलीच्या एका खरेदी-विक्री संघाची वीस-बावीस पेवं त्याच्या ताब्यात होती. पेव म्हणजे जमिनीत पंचवीस फूट खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. त्यात हळद वर्षानुवर्षं राहते आणि तिला कीड लागत नाही, कारण आतल्या कोंडलेल्या हवेत कीड जगतच नाही. माणसाचंही तसंच.

म्हणून तोंड उघडलं की पेव दिवसभर मोकळं सोडायचं आणि मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर हमालानं उतरायचं. रीत जुनीच. बहात्तर साली हमालांचा विमा उतरवला तेव्हा विमा कंपनीनं ती कागदावर आणली. तारीख, वेळ, कंदील किती वेळ जळला आणि खाली मुकादमाची सही. जोतीरामला हे काम मनापासून आवडलं. रजिस्टरला रेघा मारायला त्यानं स्वतःच्या पैशानं लाकडी पट्टी आणली.

पुढं डिझेल महागलं आणि संघाचे सेक्रेटरी नानासो खर्चाच्या मागं हात धुऊन लागले. ट्रक उभा राहिला की भाडं चढतं, हमाल बसले की हजेरी चढते. "हवालदार, पेवाचं थांबणं जरा आटोपतं घ्या," एवढंच ते म्हणाले. कंदील सोडू नका असं ते म्हणाले नाहीत. असली माणसं तसं कधी म्हणत नसतात. जोतीरामनं दिवसाचे दोन तास केले, दोन तासांचा अर्धा तास केला. मग एका सोमवारी त्यानं आठवड्याच्या सगळ्या नोंदी, कंदील सोडला असो वा नसो, एकदम लिहून टाकल्या, सुबक अक्षरात, वेळा थोड्या मागंपुढं करून. कुणाला काही झालं नाही. खर्च उतरला, आणि वार्षिक सभेत हवालदाराला शाल मिळाली. घेताना त्याला कसंतरीच वाटलं, पण घेतली.

असं दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी नाथाजी हमाल कमरेला दोरी बांधून पेवाच्या तोंडाशी बसला आणि नेहमीसारखं विचारलं, "हवालदार, कंदील झाला न्हवं?"

"झालाय, उतर."

पेव उघडून पाव तासही झाला नव्हता. नाथाजीला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. मिरजेच्या दवाखान्यात तो वाचला, पण हातांना कंप सुटला तो सुटलाच. पोतं उचलणं संपलं.

विम्याचे साहेब चौकशीला आले. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "इतकं स्वच्छ काम मी कुठंच पाहिलं नाही." जोतीरामला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. रजिस्टर चोख, म्हणजे चूक हमालाची, भरपाई नाही. नाथाजीनंही तसाच जबाब दिला होता.

चौथ्या दिवशी त्याची बायको रंगूबाई पेवावर आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आवं हवालदार, तुमी तरी समजवा त्यास्नी. उपाशी उतरलो, चक्कर आल्यावर दोरी हालवली न्हाई, माझंच चुकलं म्हनून सोताच्या तोंडात मारून घेत्यात. तुमचं आयकतील."

जोतीराम तडक सांगलीला गेला आणि विम्याच्या साहेबांसमोर खरं लिहून दिलं. नानासो हात जोडून मागं लागले, संघ बुडेल म्हणाले, पण यानं कागद परत घेतला नाही. नाथाजीला भरपाई मिळणार आणि आपली नोकरी जाणार, हे ठरून गेलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. मिरजेच्या दोन गाड्या मात्र त्यानं सोडल्या, तिसरी धरली.

दवाखान्यात नाथाजी खाटेवर बसला होता. हवालदाराला बघून तो उठायला लागला.

"बस. नाथाजी, त्या दिशी कंदील सोडलाच न्हवता. मी खोटं बोललो."

नाथाजी परत खाटेवर टेकला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर जोतीरामनं खाली मान घालून ऐकल्या असत्या. तेवढ्यासाठीच तर आला होता. पण नाथाजीच्या आवाजात राग नव्हता. त्यानं नुसतं विचारलं, "आन् त्याच्या आदी, हवालदार? कवा कवा सोडला व्हता?"

दीड वर्ष हा माणूस त्याच्या एका शब्दावर खाली उतरत होता. त्यातला एकही दिवस जोतीरामला छातीवर हात ठेवून सांगता येईना.