कंबर धरायचं काम

टीव्हीतली नवी पोरं अजून विचारतात, "सर, कॅमेरा कुठं शिकलात?" मी म्हणतो, भिलाईत, हुतूतूच्या मैदानात. हसतात लेकाचे! हसा.

कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. बाबा भंडाऱ्याकडची शेती सोडून तिथं खलाशी झाले होते. दोरांनी अवजड लोखंड वर चढवणाऱ्यांना तिथं खलाशीच म्हणत. मला कारखान्यानं खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं होतं. मी गड्याची कंबर धरली की तो सुटत नसे, एवढीच माझी विद्या. त्या भरवशावर साहेबांनी मला मुंबईहून फिल्म काढायला आलेल्या मंडळींकडे पाठवलं. कॅमेरावाला मचाणावरून वाकायचा अन् मी मागून त्याची कंबर धरून उभा.

एकदा भट्टीतून लोखंड सोडायच्या ऐन वेळी धगीनं त्याला भोवळ आली. त्याला खाली बसवलं अन् कॅमेरा मीच उचलला. बटण कुठलं, हे रोज पाहतच होतो. हात हलू नये म्हणून दम धरला, तर सवयीनं तोंडातून 'हुतूतू, हुतूतू' सुरू! आवाज टिपणारे बंगाली बाबू कपाळाला हात लावून बसले. चित्र मात्र जराही हललं नाही. पुढचे काही तुकडेही माझ्याकडूनच काढून घेतले, अन् दिग्दर्शक म्हणाला, "फिल्म दाखवायला येईन, तेव्हा मुंबईला चल माझ्यासोबत."

बाबा भडकले. "पक्की नोकरी सोडून त्या डबड्यामागं कावून जातं बे? कॅमेऱ्यामागच्या माणसाले कोण ओळखते?"

"मले जायचंच हाय!" मीही ताट सरकवून उठलो. तापटपणा त्यांचाच घेतलेला. आमचं बोलणं बंद झालं. पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय घर सोडायची माझी छाती नव्हती.

फिल्म आली. क्वार्टरांमागच्या मैदानात पांढरा पडदा बांधला. अर्ध्यात दोर ओढणारे खलाशी दिसले अन् मग एकट्या बाबांचा चेहरा, पडदाभर, घामेजलेला, कशावर तरी खळखळून हसणारा. तो तुकडा माझाच होता. "अरे देखो, काका तो हीरो बन गए!" सगळे ओरडले. जन्मात एक फोटो न काढलेला माझा बाप! मला रडूच फुटलं.

बाबा मात्र फिल्म संपली तरी पडद्याकडेच पाहत बसले. घरी निघालो तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"मुंबईत जेवाची काय सोय हाय तुयी?"