जार पडण्याआधी

मला एका जागी बसवत नाही. भात शिजत ठेवला तरी मी चार वेळा झाकण काढून बघते, आणि सासूबाई चुलीपाशी बसून म्हणतात, "तुया पाहण्यानं तो लवकर शिजून राहिला का?" तेव्हा घोडी व्यायली त्या सकाळी माझं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

घोडी ही माझ्या नवऱ्याची हौस. तो नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवतो. लग्नसराईत तिला सजवून गोंदियातल्या वरातींना न्यायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. आणली तीच गाभण. कधी विणार, ते विकणाऱ्यालाही धड माहीत नव्हतं. आमचं घर धानवाल्यांचं. गोठ्यात गाई-म्हशी कायमच्या, पण घोडं या दारात कधी कोणी बांधलेलं नाही. मी तर गोंदिया शहरात वाढलेली. लग्नाआधी दूध मी फक्त पिशवीतलं पाहिलेलं.

उजाडताना मी धानाचं तणस टाकायला गोठ्यात गेले, तर शिंगरू खाली पडलेलं. ओलं, थरथरणारं, आणि एवढ्याशा अंगाला नको तितके लांब पाय. मी जोरात हाक मारली. सासूबाई आल्या, पोत्याने त्याला खसाखसा पुसलं, आणि उचलून बांबूच्या तट्ट्यापलीकडे नेऊन ठेवलं.

"आई, त्याला पाजायचं नाही?"

"जार पडू दे आधी. जार पडल्यासिवाय तोंड लावू द्यायचं नाही."

आमच्याकडे ही रीतच आहे. गाय व्याली की तिची जार, म्हणजे वासराच्या मागून पडणारी वार, पडेपर्यंत वासराला सडाला लावत नाहीत. याच गोठ्यात मी हे कितीदा पाहिलं होतं आणि वासरं उड्या मारत मोठी झाली होती. मग मी कोणत्या तोंडाने बोलणार? पण घोडीची जार अर्धी लोंबत होती आणि खाली यायचं नाव नव्हतं.

मी घरात यायची, परत गोठ्यात जायची. शिंगरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं. भिंतीला तोंड लावून पाहिलं, तट्ट्याचा बांबू चोखला, माझ्या गुडघ्याला लुचू लागलं. पलीकडे घोडी खिंकाळत गोल फिरत होती. नवऱ्याला फोन लावला, तर तो जंगलात, रेंजबाहेर. ऊन अंगणात पसरलं तरी जार जागची हलली नाही. आणि मग मला दिसलं की शिंगरू आता उठायचा प्रयत्नही करत नाही. मान टाकून पडलं होतं. त्याची जीभ ओठाबाहेर आली होती.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते कुठल्याशा गावात म्हशीपाशी होते. सगळं ऐकून ओरडलेच.

"अरे ताई, गाय है क्या वो? घोडी आहे! आणि गाईलासुद्धा असं करायचं नसतं. चीक पाजा त्याला, अभी के अभी!"

मग जरा शांतपणे त्यांनी सांगितलं. शिंगरू पोटातून येतं तेव्हा रोगाशी लढायची ताकद त्याच्याकडे नसतेच. ती सगळी आईच्या चिकात असते, आणि ती अंगी लागण्याचे तासही मोजकेच. नंतर कितीही दूध पाजा, पोट भरतं, ती ताकद येत नाही. जार ओढू नका, मी येतो. बेंबीला आयोडीन लावा. आणि नळीने काहीही घशात ओतू नका, फुफ्फुसात गेलं तर खेळ खलास.

फोन ठेवून वळते तर सासूबाई गुळाचं पाणी आणि गुरांना औषध पाजायची बांबूची नळी घेऊन आलेल्या. माझा तोल गेला.

"नळी ठेवा ती! चीक पाहिजे त्याला, चीक! तो नाही मिळाला तर नुसत्या दुधावर लेकरू टिकत नाही. आज चांगलं दिसतं, आणि चार दिवसांनी हातातून जातं!"

एवढ्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी नळी भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं, जिंकले. खरं सांगते, त्या घाईतही मला बरं वाटलं.

त्यांनी गडू घेतला आणि घोडीपाशी जाऊन बसल्या. मला ती जवळ येऊ देईना, त्यांना येऊ दिलं. एवढे लहान सड त्यांच्याही हातांना नवे होते. बोटांच्या टोकांनी त्या पिळत राहिल्या आणि गडूत दाट, पिवळसर चीक साचत गेला. मी माझ्या मुलीची जुनी बाटली उकळून आणली. शिंगराच्या तोंडात बोट घातलं, काहीच नाही. टाळूला चोळत राहिले तेव्हा कुठे जीभ बोटाभोवती वळली. मला रडूच आलं. थोडं प्यालं, थांबलं, पुन्हा प्यालं.

डॉक्टर आले. घोडीला सुया दिल्या, मग जार पडली. शिंगराला एनिमा दिल्यावर अडकलेली काळी, चिकट लीद बाहेर आली. दुपार कलली तसं ते उठलं, आणि मी तट्ट्या काढून मोकळ्या केलेल्या गोठ्यातून धडपडत आईच्या कासेला जाऊन लागलं. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस नजर ठेवा. पण चीक वेळेवर गेला, नाहीतर गेलं होतं हे."

ते गेल्यावर मी नवऱ्याला पुन्हा फोन लावत अंगणात फेऱ्या मारू लागले. सासूबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "माया पयल्या लेकराले मले चीक पाजू नाही देल्ला. माया सासूनं पिळून फेकाले लावला. खराब रायते म्हणे."

मी थांबले. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मूल होतं, हे या घरात मला कोणी सांगितलं नव्हतं.

"चांगला रडे. आवाज मोठा होता त्याचा. मंग अंग तापलं, अन् गेला. मी म्हणो, देवाची मर्जी." त्या शिंगराकडे बघत होत्या. "तो त्याच्यानंच गेला का?"

डॉक्टरांशी बोलल्यापासून माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, पण हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

"नाही आई," मी म्हटलं. "माणसाचं वेगळं असतं."

"काऊन वेगळं?" त्यांनी विचारलं.