वाहिदमिस्त्रीच्या पोटावर पहिला हात

दिग्रसच्या बसस्टँडमागं वाहिदमिस्त्रीचं मोटारसायकलचं गॅरेज. शिकणारं पोरगं कितीही हुशार असो, त्यानं पहिल्यांदा ब्रेक बसवले का वाहिद सोता त्या गाडीवर मांगं बसायचा अन् म्हणायचा, "चाल, घे उतारावर." जमीर शिकत होता तव्हा गाडी पार नालीत गेलती. तरी वाहिदनं रिवाज मोडला नाही.

वाहिदचा हर्निया लईच फुगला तसा तो यवतमाळच्या दवाखान्यात भरती झाला. ऑपरेशनच्या सकाळी एक तरणी डॉक्टरीण आली. नाव अर्पिता, गाव नेर, सर्जरी शिकून राह्यली होती.

"काका, आज ऑपरेशन मी करीन. सर बाजूले उभे राह्यतीन."

वाहिदची बायको जैबुनबी चवताळलीच. "काहून? शिकाले आमचाच माणूस भेटला का तुमाले? चला जी घरी!"

वाहिदनंही तिले निरखून पाह्यलं. लेकीच्या वयाची पोरगी! "मॅडम, याच्या आंधी किती केले?"

"सरांच्या हाताखाली पुष्कळ. माह्या हातानं हे पहिलंच." खोटं बोलली असती तं त्याले कळलंही नसतं. "सर खोलीत नसले तं मले सुरी उचलता येत नाही, असा नियम आहे. तुमी नाही म्हटलं तं सरच करतीन. कोणाले राग येनार नाही."

"सर मधातच मोबाइल घेऊन बाहेर तं नाही जात?"

"मीच जाऊ देत नाही."

वाहिद हसला. जैबुनबी कानाशी पुटपुटली, "अन् तुमची गाडी नालीत गेली तं?"

"जमीर वाचला का नाही? मांगं मी होतो." त्यानं सही केली.

कमरेखालचं अंग सुन्न झालं, कान मातर जागे होते. हिरव्या पडद्यापलीकडं सारं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "थांब."

वाहिदनं पडद्याकडं मान वळवली.

"तिथं नाही. आधी नस दाखव मला."

"...ही, सर."

"हं. आता तिला बाजूला ठेवून पुढं चल." आवाजात ना चीड, ना घाई.

दुसऱ्या दिवशी अर्पिता पट्टी बदलाले आली. तोंड उतरलेलं. "काका, काल एका जागी माहा हात चुकत होता. सरांनं रोखलं. तुमाले काही इजा झाली नाही, पण तुमाले सांगाले पाह्यजे."

"पाहा! म्या म्हटलं होतं!" जैबुनबी उसळली.

"चूप बस वो. म्या पडल्या पडल्या ऐकलं सारं. ही पोरगी सांगते का लपवते, तेच पाहून राह्यलो होतो." वाहिदनं सदरा वर केला. "चला मॅडम, हात चालवा. अन् टाके काढाले तुमीच या. दुसऱ्या कोणाले मी हात लावू देत नाही."

जैबुनबीनं तोंड वाकडं केलं, पण अर्पिताले बसाले स्टूल पुढं सरकवलं.