मधोमध कापलेली रिबीन

परवा आमच्या गल्लीत मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन होतं. दारात लाल साटीनची रिबीन, आणि कात्री हातात धरून फोटोसाठी थांबलेले पाहुणे. मला चंद्रपुरातल्या आमच्या शाळेतलं, नव्वदच्या दशकातलं उद्घाटन आठवलं.

अब्बा मंडपवाल्याकडे कामाला होते. कार्यक्रम संपल्यावर उरलेले हार, फुगे, रिबिनी कामगारांनी घरी न्यायच्या, अशी पद्धत होती. मी चौथीत होते. दोन वेण्यांना लाल रिबिनी नसल्या, की मोठ्या बाई मुलीला घरी पाठवत, आणि त्या महिन्यात आमच्याकडे रिबिनीपुरतेही पैसे नव्हते.

नव्या वर्गखोलीच्या दाराला अब्बांनीच रिबीन बांधली. पाहुणे देशाच्या भवितव्यावर भरपूर बोलले आणि त्यांनी कात्री नेमकी टोकाशी लावली. तिथे कापली असती, तर एका वेणीला पदर मिळाला असता आणि दुसरीला चिंधी.

"सायेब, जरा मधात घ्या न," अब्बा अदबीनं म्हणाले. "फोटो मस्त येते."

पाहुणे लगेच सरकले. अब्बांना फोटोची एवढी काळजी कधीपासून, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मोठ्या बाई माझ्यापाशी थांबल्या. वेण्यांवरची दोन्ही फुलं त्यांनी निरखून पाहिली. रिबीन ओळखली होतीच. आता काढून घेणार, या भीतीनं मी डोळे मिटले.

त्यांनी एक फूल सारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "तुह्या लहान बहिणीचं नाव शाळेत घालाचं हाय न यंदा? अब्बाले सांग, पुढच्या टायमाले रिबीन लांब बांधा म्हणावं."